कसारा घाटाच्या अलीकडचा समुद्र

मधली_आळी (धागाकर्ती)
रविवार, रात्री ९:१०

आज सकाळी पापलेट आणायला बाजारात गेले आणि लेकीच्या कंपासपेटीतली पट्टी पर्समध्ये टाकून नेली. हसा खुशाल.

झालं असं. लेक आठवीत. शाळेत 'आपला समुद्र' असा प्रकल्प दिलाय. ती म्हणाली, "आई, नाशिकला समुद्र कुठाय? मी काय लिहू?" म्हटलं, तू पापलेट खातेस ना, तिथून सुरू कर. मग दोघींनी वाचत बसलो. २०२३ मध्ये आपल्या सरकारने पापलेटला राज्य मासा केलं, हे मला माहीत होतं. त्याच वर्षी ५४ जातींची किमान लांबी ठरवून दिली, त्याहून लहान मासा धरायचा नाही, हे मात्र माहीत नव्हतं. पापलेटसाठी ही लांबी १३५ मिलिमीटर, म्हणजे साडेतेरा सेंटिमीटर.

बाजारात पाटीतले सहा पापलेट मोजले. एक चौदाचा भरला. बाकी पाच अकरा ते बारा. मावशी बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "ताई, मासा वजनावर घेतात. ब्लाउजपीस आहे का मोजायला?" आजूबाजूचे हसले. मी पट्टी आत टाकली. मग त्याच हळूच म्हणाल्या, "मोठं आणते की. पण भाव सांगितला की गिऱ्हाईक पुढच्या पाटीवर जातं. हे घ्यायला परवडतं म्हणून हे येतं."

आता खरं सांगते. अर्धा किलो घेतले. तळले. चांगले लागले. म्हणूनच हा धागा.

प्रश्न सरळ आहे. आपण घाटावरची माणसं. समुद्र वर्षातून एकदा अलिबाग नाहीतर दिवेआगरला बघायचा. तो तापतोय, मासळी घटतेय, असं रोज वाचतो. यात नाशिककराचा संबंध फक्त ताटापुरता, की आणखी काही?

उंटावरचा
रविवार, रात्री ९:३२

नाशिकला समुद्र नाही कसा? गंगापूर धरणाचं बॅकवॉटर आहे, बोट क्लब आहे, भजी मिळतात. आणखी काय पाहिजे? (हलके घ्या.)

पट्टी लय भारी. वाचनखूण साठवली.

बागलाणी_वेल
रविवार, रात्री १०:०५

ताई, तुम्ही मासे मोजता, आम्ही मणी मोजतो. संबंध विचारलात म्हणून सांगतो.

आमची द्राक्षबाग सटाण्याकडे. अर्ली छाटणीची. तुमच्या निफाड-दिंडोरीकडे ऑक्टोबरात छाटतात आणि माल फेब्रुवारी-मार्चला निघतो. आम्ही पावसाळ्यातच जोखीम घेऊन छाटतो, कारण डिसेंबरात बाजारात दुसऱ्याचा माल नसतो, भाव मिळतो. २०१७ ला दोन एकर माल तयार होता. गोडी भरली होती, सौदा झाला होता, ७ डिसेंबरला तोडणी ठरली होती.

५ तारखेला ओखी आलं. आलं म्हणजे वादळ इकडे आलंच नाही, ते समुद्रातून सुरतेकडे जाता जाता मेलं. पण त्याच्या पदराला बांधलेला पाऊस आमच्यावर पडून गेला. जोराचाही नाही. रात्रभर चिरचिर. सकाळी बागेत गेलो तर लांबून सगळं ठीक. घड हातात घेतला तेव्हा कळलं. देठाजवळ प्रत्येक मण्याला नखाने ओढावी तशी बारीक चीर. दुपारपर्यंत चिरेत रस साचला, संध्याकाळी माश्या, दुसऱ्या दिवशी वास. मणी तडकला की संपलं, त्याला औषध नाही. व्यापाऱ्याने फोन उचलला नाही. त्याचंही काय चुकलं म्हणा.

बाग ते समुद्र नकाशावर दीडशे किलोमीटर. तेव्हापासून डिसेंबरात मी अरबी समुद्राचा नकाशा बघतो, घरचे म्हणतात याला वेड लागलंय भो.

माहेरची_खाडी
रविवार, रात्री ११:२०

@बागलाणी_वेल, अंगावर काटा आला. माझं माहेर सातपाटी, सासर नाशिकरोड. त्याच रात्रीची दुसरी बाजू मी सांगते.

माझी आत्या धाकट्या डहाणूला. बोंबील सुकवून विकते. बोंबील कसे सुकवतात ते इथे बऱ्याच जणांना ठाऊक नसेल. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी बांबूच्या वलांडीवर टाकायची, एक या बाजूला, एक त्या बाजूला. वाळत घातलेले मोजेच जणू. बोंबलात पाणीच फार, त्यामुळे दोन-तीन दिवस कडक ऊन आणि वारा लागतो. ऑक्टोबर संपला की हे काम सुरू होतं, ते पावसाळ्याच्या तोंडापर्यंत. नाशिकच्या आठवडे बाजारात जे सुके बोंबील तुम्ही घेता ते असेच कुठल्या तरी वलांडीवरून घाट चढून आलेले असतात.

ओखीच्या वेळी बंदरावर धोक्याचा बावटा लागला, होड्या परत आल्या. माणसं वाचली, देवाची कृपा. पण वलांड्या भरलेल्या होत्या. पाऊस लागला की अर्धवट सुकलेला बोंबील मऊ पडतो आणि स्वतःच्याच वजनाने गळून खाली पडतो. आत्या सांगत होती, सकाळी वाळूवर लगदा पडला होता आणि कावळेसुद्धा खाऊन दमले होते. सगळं खड्ड्यात पुरलं. पंचनामा शेताचा होतो, वलांडीचा कोण करणार?

म्हणजे एकच पाऊस. तुमचे मणी तडकले, आमचे बोंबील गळाले.

मधली_आळी
रविवार, रात्री ११:३१

दोघांचं वाचून गप्प बसले. मी पापलेटच्या लांबीवर धागा काढला होता. चालू द्या.

खारट_शंका
सोमवार, सकाळी ८:१५

दोघांच्या नुकसानीबद्दल वाईट वाटतं, मनापासून. पण आता जरा उलटं बोलतो, शिव्या घातल्यात तरी चालेल.

एक, अवकाळी ही काही आजची गोष्ट नाही. आमचे आजोबा गारपिटीच्या कहाण्या सांगायचे, तेव्हा कुणी समुद्राला दोष देत नव्हतं. दोन, मासळी कमी झाली ती समुद्र तापला म्हणून की यांत्रिक बोटी दसपट झाल्या म्हणून? एलईडी लावून रात्री मासे गोळा करायचे, पर्ससीन जाळ्याने अख्खा थवा उचलायचा, बारीक आसाच्या (छिद्रांच्या) जाळ्यात पिल्लं ओढायची आणि मग हवामान बदलाच्या नावाने गळा काढायचा. ज्याचं त्याने आपलं पाप बघावं.

तिसरा_प्रहर
सोमवार, सकाळी १०:४०

मी भूगोलाचा निवृत्त शिक्षक. खारट_शंका यांच्या पहिल्या मुद्द्यात तथ्य आहे, म्हणून आधी तेच घेतो.

नाशिकवर पडणारा प्रत्येक अवकाळी पाऊस समुद्री वादळाचा नसतो. फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट बहुतेक वेळा पश्चिमी विक्षोभामुळे येते. भूमध्य समुद्राकडून निघालेली ही थंड हवेची लाट वरच्या थरांतून उत्तर भारतावर येते, खाली अरबी समुद्राकडून आलेली दमट हवा असली की दोघांची गाठ पडते आणि गारा होतात. २०१४ च्या मार्चमध्ये आपण ते भोगलं. तेव्हा सगळं खापर एका कारणावर फोडू नये. मात्र बारकाईने पाहा, दोन्ही प्रकारांत बाष्प पुरवणारा तोच आहे. चूल कुणाचीही असो, पाणी त्याच्याच हंड्यातलं.

दुसरं, २०१९ आठवा. ऑक्टोबर संपत आला तरी पाऊस थांबेना, द्राक्षाला डावणी रोग, मका शेतात उगवला. त्या वर्षी अरबी समुद्रात आधी क्यार नावाचं महाचक्रीवादळ आणि पाठोपाठ 'महा' नावाचं दुसरं वादळ. आणि २०२० च्या ३ जूनला निसर्ग वादळ अलिबागजवळ जमिनीवर आलं, ते पुढे सरकत त्याच संध्याकाळी आपल्या डोक्यावर. माझ्या गच्चीवरचा पत्रा शेजारच्यांच्या अंगणात मिळाला.

कारणमीमांसा या विषयातल्या कुणी तरी करावी. इथे @भरतीओहोटी आहेत ना?

भरतीओहोटी
सोमवार, दुपारी २:२५

सरांनी नाव घेतलं म्हणून आलो. मूळचा सिन्नरचा, पोटापाण्यासाठी समुद्राच्या आकड्यांशी झोंबतो. लांबेल, चहा घेऊन बसा.

उन्हाळ्यात विहिरीत पोहलेल्यांना ही गोष्ट लगेच कळेल. उडी मारली की छातीपर्यंत पाणी कोमट, आणि पाय खाली सोडले की पोटऱ्यांना एकदम गारठा. ते दोन पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, कारण वरचं गरम आणि हलकं, खालचं थंड आणि जड. समुद्रातही असंच आहे. सूर्यप्रकाश वर, खत खाली. खत म्हणजे नायट्रेट, फॉस्फेट वगैरे, मेलेलं सगळं कुजत कुजत खाली जाऊन साठलेलं. वारा आणि प्रवाह खालचं पाणी ढवळून वर आणतात तेव्हाच वनस्पती-प्लवक वाढतं. डोळ्याला न दिसणारं हे समुद्राचं गवत. त्यावर बारीक जीव, त्यांच्यावर तारली-बांगडा, त्यांच्यावर सुरमई, तिच्यावर आपण.

वरचा थर जितका तापेल तितकं हे ढवळणं अवघड. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं की हिंदी महासागराचा पश्चिम भाग १९०१ ते २०१२ या काळात जून ते सप्टेंबरच्या महिन्यांत १.२ अंशांनी तापला. २०१६ मध्ये त्यांनीच मांडलं की त्या भागातलं प्लवक सहा दशकांत २० टक्क्यांपर्यंत घटलं. १.२ अंश ऐकायला काहीच वाटत नाही. पण अंगात १.२ अंश ताप चढला तर आपण दांडी मारतो.

हाच समुद्र इतका का तापतो? त्याला उत्तरेकडे दारच नाही. अटलांटिक, पॅसिफिक वर पार थंड पाण्यापर्यंत पसरलेले. आपल्या समुद्राच्या डोक्यावर आशिया बसलाय. त्यात पूर्वेकडून इंडोनेशियाच्या बेटांमधून पॅसिफिकचं ऊबदार पाणी आत येत राहतं. आणि हवेतली जी जादा उष्णता आपण माणसांनी अडकवून ठेवलीय, तिच्यातली ९० टक्क्यांहून अधिक जगभरच्या समुद्रांनीच पोटात घेतलेली आहे. घेतली नसती तर आज नाशिकचा मे महिना कसा असता याचा विचारही करवत नाही.

आता वादळं. पृष्ठभागाचं पाणी साधारण २६.५ अंशांच्या वर असलं की वादळाला इंधन मिळतं. पूर्वी अरबी समुद्र त्या मानाने शांत, वादळं म्हणजे बंगालच्या उपसागराची मक्तेदारी. आयआयटीएममधल्याच संशोधकांनी १९८२ ते २०१९ च्या नोंदी तपासल्या. त्या काळाचे दोन भाग केले तर २००१ नंतरच्या भागात अरबी समुद्रातली चक्रीवादळं ५२ टक्क्यांनी वाढलेली, उपसागरातली ८ टक्क्यांनी घटलेली.

२०१९ चं वेगळं कारणही होतं. हिंदी महासागरात कधी कधी तराजू कलतो. पश्चिमेचं पाणी नेहमीपेक्षा गरम, इंडोनेशियाकडचं थंड. १९९९ मध्ये याला 'इंडियन ओशन डायपोल' असं नाव मिळालं. २०१९ चा कल गेल्या कित्येक दशकांतला सर्वांत मोठ्यांपैकी एक होता. तेव्हा बागलाणी_वेल, तुमचं वेड शहाण्याचं आहे.

खारट_शंका
सोमवार, दुपारी ३:०२

नोंद १९८२ पासूनच का? सोयीचं वर्ष पकडलं की काय?

भरतीओहोटी
सोमवार, दुपारी ३:२०

रास्त प्रश्न. त्याआधी भर समुद्रात उपग्रहाची नजर पुरेशी नव्हती. जहाज त्या बाजूने गेलं नाही तर वादळ आलं आणि गेलं, कुणाला पत्ता नाही. वादळं निसटलेल्या जुन्या नोंदी धरल्या तर वाढीचा आकडा उगाच फुगतो, म्हणून खात्रीचा काळ घेतात. अडतीस वर्षं म्हणजे फार लांबचा काळ नाही हेही मान्य. म्हणून मी '५२ टक्के' हे शब्द दगडावर कोरून ठेवणार नाही. पण पाणी तापलंय यात मात्र आता शंका उरली नाही. ते उपग्रहाखेरीज पाण्यात उतरून मोजलेलं आहे. जगभरच्या समुद्रांत जवळजवळ चार हजार आर्गो तरंगे सोडलेत, माणसाच्या उंचीचे नळकांडे. हजार मीटरवर जाऊन वाहत राहतात, दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत बुडी मारतात आणि वर येताना तापमान, खारटपणा मोजत येतात. वर आले की उपग्रहाला आकडे देतात, पुन्हा बुडी. बॅटरी संपेपर्यंत बिचाऱ्यांना सुट्टी नाही.

उंटावरचा
सोमवार, दुपारी ३:४१

आमच्या ऑफिसात सोडा एक. बुडी मारणारे खूप आहेत, वर येऊन आकडे देणारा कुणी नाही.

माहेरची_खाडी
सोमवार, रात्री ९:५०

दिवसभर कामात होते. खारट_शंका, तुमच्या दुसऱ्या मुद्द्यावर मी चिडणार नाही, कारण अर्धं तुमचं खरं आहे. घरातलं आहे म्हणून झाकत नाही.

सातपाटीचं पापलेट म्हणजे एके काळी नाव होतं. माझे काका तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके. त्यांचं जाळं दालदी, मोठ्या आसाचं. बारकं पापलेट त्यातून निसटून जायचं, त्यांना ते नकोच असायचं. पण समुद्रात नुसती दालदी नाहीत. डोल आहे, खुंटाला बांधलेली पिशवी, भरतीच्या पाण्याबरोबर जे येईल ते आत. त्याचा आस बारीक, कारण ते असतं बोंबील-जवळ्यासाठी. त्यात बारकी पापलेटंही येतात आणि आली की कुणी परत टाकत नाही, मेलेलीच असतात. पुढे ट्रॉलर आले, पर्ससीन आले. एलईडीवर तर २०१७ पासून केंद्राची बंदी आहे. बंदी कागदावर, दिवे पाण्यावर. काका रात्री क्षितिजाकडे बोट दाखवून म्हणायचे, बघ, लग्नघर.

पण आता उरलेलं अर्धं. काकांचं वय सत्तरच्या पुढे. ते म्हणतात, मासा कमी झाला हे तर आहेच, पण त्याचं वेळापत्रकही बिघडलं. पूर्वी अमुक वारा सुटला, अमुक तिथी आली की अमुक ठिकाणी पाणी कसं असेल ते सांगायचे आणि तसंच निघायचं. आता हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्र-माहिती केंद्राकडून मासळीचा पट्टा कुठे आहे त्याचा संदेश मोबाइलवर येतो, पोरं तो बघून जातात. काकांना याचं वाईट वाटत नाही, म्हणतात, "उपग्रहाला दिसतंय ना, मग झालं." त्यांना वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. वादळाच्या इशाऱ्यांनी आता हंगामातले इतके दिवस बुडतात की डिझेल, बर्फ, खलाशांचा पगार यांचा हिशोब लागत नाही. मग जो दिवस मिळेल त्या दिवशी जे मिळेल ते ओढायचं. तुमचा मुद्दा आणि भरतीओहोटींचा मुद्दा असा एकाच होडीत बसतो, बघा.

खारट_शंका
सोमवार, रात्री १०:१५

'लग्नघर' वाचून थांबलो. ठीक, माझं वाक्य मागे घेत नाही पण 'गळा काढायचा' हे शब्द मागे घेतो.

भरतीओहोटी
सोमवार, रात्री १०:४४

तारलीचं उदाहरण देतो, कारण ते दोन्ही बाजूंना गप्प करतं. केरळात २०१२ मध्ये जवळजवळ ३ लाख ९० हजार टन तारली उतरली. २०२१ मध्ये ३,२९७ टन. टायपो नाही, नीट वाचा. कोचीच्या सीएमएफआरआय या सागरी मासळी संशोधन संस्थेचे आकडे. नुसत्या मासेमारीने नऊ वर्षांत इतकी घसरण समजावता येत नाही. पाणी तापणं, एल निनो, पावसाळ्यात खालचं पाणी वर येण्याचं बिघडलेलं गणित, सगळं त्यात आलं. आणि गंमत म्हणजे पुढच्या दोनेक वर्षांत ती पुन्हा लाखावर गेली. तारली वर्षभरात वयात येते, तिला संधी मिळाली की ती उसळते. पापलेटला तसं जमत नाही, म्हणून ती साडेतेरा सेंटिमीटरची पट्टी.

गोदाकाठची
मंगळवार, सकाळी ७:३०

उशिरा आले. आम्ही काही जणी दर रविवारी गोदाघाटावर कचरा वेचतो. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे, तेव्हा काय होणार देव जाणे. मला वाटतं नाशिककराने समुद्रासाठी करायची गोष्ट हीच. इथली प्लास्टिकची पिशवी शेवटी मुंबईच्या समुद्रात जाते आणि कासवाच्या पोटात.

तिसरा_प्रहर
मंगळवार, सकाळी ९:०५

ताई, काम उत्तम, पण दिशा चुकली. पट्टीचा धागा आहे, म्हणून मोजूनच सांगतो.

त्र्यंबकचा ब्रह्मगिरी अरबी समुद्रापासून सरळ रेषेत जेमतेम ८० किलोमीटर. तिथे पडलेला थेंब गोदावरीत गेला की पाठ फिरवतो आणि १४६५ किलोमीटर चालत आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळतो. तुमची पिशवी आधी नांदूरमध्यमेश्वरला अडकेल, जिथे आपले पाहुणे पक्षी उतरतात. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) ते. तिथून सुटली तर पैठणला नाथसागरात.

पण तोच थेंब वाऱ्याने दोन पावलं पलीकडे पडला तर वैतरणेत जातो आणि अर्नाळ्याजवळ पश्चिमेच्या समुद्राला मिळतो. दिंडोरी-पेठकडचं दमणगंगेचं पाणीही तिकडेच, थेट दमणला. तेव्हा आपला जिल्हा दोन समुद्रांना पाणी देतो. मुलीच्या प्रकल्पात हे जरूर घ्या, नकाशा काढून. नाशिकला समुद्र नाही म्हणे!

राजमंड्री_परत
मंगळवार, सकाळी ११:५०

सरांच्या १४६५ किलोमीटरच्या दुसऱ्या टोकाला मी चार वर्षं नोकरी केली, म्हणून जरा अवांतर.

तिकडे गोदावरीला पूर आला की समुद्रातून एक मासा नदीत उलटा चढतो, पुलसा. बंगाली ज्याला इलिश म्हणतात तोच. समुद्रातला तो इलिश, गोदेच्या तांबड्या पाण्यात आला की पुलसा आणि भाव कितीतरी पट. मंगळसूत्र विकावं पण पुलसा खावा, अशी तिकडे म्हणच आहे. मी मंगळसूत्र न विकता साहेबांच्या घरी खाल्ला. काटे मोजता येत नाहीत, चव सांगता येत नाही. आता तो फार कमी येतो. धवलेश्वरमच्या बंधाऱ्यापुढे तर त्याला जाताच येत नाही.

दुसरं जे पाहिलं ते जास्त लक्षात राहिलं. काकिनाड्याजवळ उप्पाडा म्हणून गाव आहे, जरीच्या साड्यांसाठी प्रसिद्ध. बायको साडी बघत होती तेव्हा मी मागे किनाऱ्यावर गेलो. रस्त्याचा अर्धा भाग समुद्राने खाल्लेला, एका घराची मागची भिंत नाही, पण पुढच्या दाराला कुलूप. समुद्र वर येतोय हे एक कारण. दुसरं कारण तिथल्या एका म्हाताऱ्या मास्तरांनी सांगितलं ते ऐकून नाशिककर म्हणून जरा ओशाळलो. त्रिभुज प्रदेश गाळाने टिकतो. गाळ येतो वरून, आपल्याकडून. आपण नदीभर धरणं बांधली, गाळ धरणांत बसला, खाली जाणारा गाळ निम्म्याहून कमी झाला. किनाऱ्याला नवी माती मिळेना, लाटा जुनी नेतायत.

आता धरणं काढून टाका म्हणत नाही, मीही गंगापूरचंच पाणी पितो.

गोदाकाठची
मंगळवार, दुपारी १२:३०

सर, चूक मान्य. पिशवी वेचणं चालूच राहील, फक्त आता कासवाच्या ऐवजी पाणपक्ष्यांचं नाव घेईन.

भरतीओहोटी
मंगळवार, दुपारी १:१५

कासवाचं नाव घेतलंत तरी फारसं चुकणार नाही. समुद्र दोन आहेत हे आपल्या नकाशावर, कासवाच्या नाही. २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर एका ऑलिव्ह रिडले मादीच्या पायाला धातूचा बिल्ला लावला होता. ती जानेवारी २०२५ मध्ये आपल्या गुहागरला अंडी घालताना सापडली. श्रीलंकेला वळसा घालून आली असेल तर साडेतीन हजार किलोमीटर.

आणि प्रकल्पासाठी एक गोष्ट. कासवाच्या अंड्यातून नर निघणार की मादी हे वाळू किती गरम आहे त्यावर ठरतं. साधारण ३० अंशांच्या वर गेलं की माद्यांचं प्रमाण वाढत जातं. वेळास-आंजर्ल्याला गावकरी घरटी कुंपणात हलवून जपतात, ते कोल्ह्या-कुत्र्यांपासून. वाळूच्या तापापासून कसं जपायचं, हा आता नवा अभ्यास.

मधली_आळी
मंगळवार, रात्री ८:४०

लेकीने पूर्ण धागा वाचला. कासवाचं वाचून विचारते, "मग एक दिवस सगळ्या मुलीच जन्मतील?" मी म्हटलं प्रश्न वहीत लिही, उत्तर राहू दे.

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे. माहेरची_खाडी, मी रविवारी पुन्हा बाजारात जाणार. काय घेऊ?

माहेरची_खाडी
मंगळवार, रात्री ९:२५

ताई, बारकं पापलेट घेऊ नका, एवढं जमलं तरी खूप. पाटीवर हात ठेवून नुसतं म्हणा, "हे नको, मोठं असेल तर एकच द्या." एकीने म्हटलं तर मावशी हसतील, दहा जणींनी म्हटलं तर त्या पहाटे घाऊक बाजारात माल उचलताना आठवण ठेवतील. मावश्यांना दोष देऊ नका. त्या मासा धरत नाहीत, गिऱ्हाईक धरतात.

रोजच्याला बांगडा घ्या, तारली घ्या. तारलीला नाशिकमध्ये कुणी विचारत नाही, काटे फार म्हणून. आंबट-तिखट करून बघा, तिरफळ मिळालं तर सोन्याहून पिवळं. जून-जुलैत ताज्या समुद्री मासळीचा हट्ट नको, १ जून ते ३१ जुलै बंदी असते, त्या ६१ दिवसांत अंडी पडतात. तेव्हा सुकट-बोंबील नाहीतर धरणाचा मरळ-कटला. आणि एक बोलू का, रागावू नका. गाबोळीचा (पोटात अंडी असलेला) मासाच पाहिजे म्हणून अडून बसणं सोडा. माझ्या सासूबाईंनाही हेच सांगते, त्या ऐकत नाहीत. मागच्या आठवड्यात मीच आणली, मीच तळली.

खारट_शंका
मंगळवार, रात्री ९:४०

शेवटची ओळ वाचून तुमच्यावर विश्वास बसला.

बागलाणी_वेल
बुधवार, सकाळी ६:२०

सगळ्यांचं वाचतोय. यंदा दीड एकरावर प्लास्टिक आच्छादन टाकलंय. खर्च सांगत नाही, छातीत दुखेल. उरलेल्या अर्ध्या एकरावर टाकायला पैसे नव्हते, तेवढा उघडा आहे.

एक विचारायचं होतं, @माहेरची_खाडी. वेधशाळेचा अंदाज आत्ता बघितला, शुक्रवारी रात्रीपासून किनाऱ्याकडे ढगाळ, हलका पाऊस म्हणतायत. आम्ही उघड्यावरचा माल उद्याच तोडतोय, गोडी जरा कमी असली तरी. तुमच्या आत्याच्या वलांडीवर सध्या काय आहे?

माहेरची_खाडी
बुधवार, सकाळी ६:५५

दादा, आत्ताच फोन लावला. आत्याला काहीच माहीत नव्हतं, काल संध्याकाळीच ओले बोंबील टाकलेत. म्हणाली आजचं आणि उद्याचं ऊन मिळालं तर शुक्रवारी दुपारी उचलते, कच्चे असले तरी. ताडपत्री मागवायला भाऊ पालघरला निघालाय.

तुमचा माल निघाला की सांगा.